दक्षतेची साखळी आणि पाथरीची उचल : एक चिकित्सा

१

उद्योगसंस्थांनी आपल्या मालाच्या पुरवठा-साखळीत कोठे मानवी हक्कांची पायमल्ली होते काय हे स्वतः शोधावे, ती थांबवावी आणि झालेल्या हानीचे परिमार्जन करावे, या कर्तव्याला आंतरराष्ट्रीय विधिव्यवहारात ‘ड्यू डिलिजन्स’ अशी संज्ञा आहे. मराठीत तिला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘यथोचित तत्परता’ हा प्रतिशब्द सरकारी वळणाचा असून त्यात त्वरेचा अर्थ अकारण डोकावतो. ‘योग्य परिश्रम’ हे तर शब्दशः भाषांतर होय. येथे ‘सम्यक् दक्षता’ हा पर्याय स्वीकारला आहे. दक्षतेत पाहणे अभिप्रेत आहे. आणि ते पाहणे एकांगी असू नये, ही अपेक्षा ‘सम्यक्’ या विशेषणाने व्यक्त होते. ही अपेक्षा प्रत्यक्षात कितपत पूर्ण होते, याचीच चिकित्सा येथे करावयाची आहे.

मूळ संज्ञेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात बंडखोर पक्षासाठी इंग्लंडमध्ये बांधल्या गेलेल्या ‘अलाबामा’ आदी जहाजांच्या वादात, १८७१ च्या वॉशिंग्टन तहाने आणि १८७२ च्या जिनीव्हा येथील लवादाने तटस्थ राष्ट्राच्या ‘ड्यू डिलिजन्स’चा प्रश्न निकालात काढला. पुढे १९३३ च्या अमेरिकी रोखे कायद्यात हीच कल्पना बचावाचे साधन म्हणून आली : रोखे विकणाऱ्याने वाजवी चौकशी केली होती असे सिद्ध झाल्यास खोट्या निवेदनाच्या दायित्वातून त्याची सुटका होई. म्हणजे वाणिज्यक्षेत्रात ही संज्ञा जन्मतःच पाहणाऱ्याच्या संरक्षणासाठी होती. २०११ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जॉन रगी यांनी सिद्ध केलेली एकतीस मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, तेव्हा या कल्पनेची दिशा उलटविण्याचा प्रयत्न झाला. धोका कोणाला, या प्रश्नाचे उत्तर तेथे ‘कंपनीला’ असे नसून ‘माणसाला’ असे आहे. तथापि जुना अर्थ नव्या अर्थाखाली पुरता गाडला गेला नाही. ‘आम्ही पुरेसे पाहिले होते’ हा बचाव आणि ‘तुम्ही पाहावयास हवे होते’ ही मागणी, असे दोन परस्परविरोधी आवाज या एकाच संज्ञेतून ऐकू येतात. गेल्या दहा वर्षांतील कायदे, अहवाल व प्रमाणपत्रे वाचताना हा विरोध ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या कायद्यांचे वाचन बहुधा ब्रुसेल्स, पॅरिस वा बर्लिन येथून होते. तेच वाचन परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुक्यातून केल्यास काय दिसते, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. साखळीचे शेवटचे म्हणून जे टोक कायद्यात गणले जाते, ते येथे पहिले टोक आहे.

२

पाथरी हे नाव दक्षिणेच्या इतिहासात एका वतनामुळे गाजले. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ पुरुष पाथरीचे कुलकर्णी होते, असे फेरिस्ता सांगतो. वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी परत मिळविण्यासाठी बुऱ्हाण निजामशहाने आधी बोलणी केली आणि ती फिसकटल्यावर १५१८ साली ती बळाने घेतली. एका गावच्या कुलकर्णाचा हक्क दोन सुलतानांच्या युद्धाला कारण व्हावा, यात त्या काळची एक व्यवस्था दिसते : हक्क दप्तरात होता, म्हणून तो सांगता येत होता आणि मागताही येत होता. याच तालुक्यातून आज हंगामी कामासाठी बाहेर पडणाऱ्या मजुराचा हक्क कोणत्या दप्तरात आहे, हा प्रश्न विचारताच अडचणीचा प्रारंभ होतो.

तालुका काळ्या मातीचा, गोदावरीच्या उत्तर काठाचा. कापसाची येथील परंपरा जुनी. शेजारच्या मानवतची कापसाची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले. पुढे गोदावरीवर ढालेगाव व मुदगल येथे बंधारे झाले आणि कापूस-ज्वारीच्या जोडीला ऊस उभा राहिला. परंतु पाणी सर्वांच्या शिवारात पोहोचले नाही. भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबे पाथरी व लगतच्या सोनपेठ, गंगाखेड, माजलगाव या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि ‘पट्टा पडला’ म्हणजे, गळीत हंगाम संपला म्हणजे, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तालुक्यात ऊस आहे आणि तालुक्यातून ऊसतोड मजूरही जातो, ही वरवर विसंगत दिसणारी वस्तुस्थिती पाण्याच्या व जमिनीच्या वाटपाने स्पष्ट होते. राज्यातील ऊसतोड कामगारांची संख्या आठ ते बारा लाख असल्याचे निरनिराळे अंदाज आहेत. अंदाजांमधील हे अंतरच नोंदीच्या अभावाचे द्योतक मानावे लागेल.

३

या व्यवसायाची परिभाषा लक्षपूर्वक वाचली पाहिजे. कारण करारपत्रे जे दडवितात ते बोलीतील शब्द सांगून जातात.

पहिला शब्द ‘उचल’. हंगामापूर्वी, बहुधा पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, लग्नकार्य, आजारपण वा जुने देणे यांसाठी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ‘उचलणे’ या क्रियापदाचा कर्ता मजूर आहे. देणारा या शब्दात दिसत नाही. त्यामुळे या व्यवहारात जणू मजुराने काहीतरी नेले आहे आणि ते परत करणे एवढाच विषय शिल्लक आहे, असा भाव सहज उत्पन्न होतो. उचल कामाने फेडावयाची असते. मजुरी दर टनामागे ठरते आणि तोडलेल्या उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते. हंगामाअखेर हिशेब होतो आणि उरलेली ‘बाकी’ पुढच्या हंगामाला बांधून ठेवते.

दुसरा शब्द ‘कोयता’. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार. परंतु फडाच्या भाषेत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. किती कोयते आले, किती कोयत्यांची उचल दिली, अशी मोजदाद चालते. हत्याराच्या नावाने माणसे मोजण्याचा हा प्रघात केवळ भाषिक लकब म्हणून सोडून देता येत नाही. उचल पुरुषाच्या नावे पडते, हिशेब पुरुषाशी होतो आणि स्त्रीचे श्रम जोडीत विलीन होतात. पहाटे फडात जाणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी, परत येऊन कोपीत चूल पेटविणारी स्त्री कोणत्याही पत्रकात स्वतंत्र रकान्याने येत नाही. 

तिसरा शब्द ‘खाडा’. एका दिवसाची अनुपस्थिती म्हणजे खाडा. त्याची मजुरी तर बुडतेच, वर दंड उचलीत चढतो. पाळीच्या वेदना, गर्भारपण, मुलाचा ताप, हे सर्व या एका शब्दात समान होतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्यातील पाहणी आली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे सतरा टक्के होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. या शस्त्रक्रियांची कारणे एकेरी नाहीत. खासगी वैद्यकाचा लोभ, अल्पवयातील लग्न व बाळंतपण, स्वच्छतेचा व पाण्याचा अभाव, कर्करोगाची घातलेली भीती ही सर्व त्यांत आहेत. तथापि ज्या व्यवस्थेत शरीराचे दुखणे दंडास पात्र होते, त्या व्यवस्थेत दुखणारा अवयव काढून टाकण्याचा सल्ला पटण्यास सोपा जातो, हे नाकारता येणार नाही.

४

या ठिकाणी विधिशास्त्रातील मुख्य प्रश्न उभा राहतो : या मजुराचा मालक कोण?

कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, आपण कमिशनवर टोळी जमवितो. शिवाय उचल बुडवून मजूर दुसरीकडे गेला तर देणे आपल्याच डोक्यावर बसते. मुकादमाचे हे म्हणणे निराधार नाही. एकाच हंगामासाठी दोघांकडून उचल घेतल्याची आणि त्यातून उद्भवलेल्या तंट्यांची उदाहरणे मराठवाड्यात ठाऊक आहेत. शेतकरी म्हणतो, तोडणी व वाहतुकीचा खर्च तर आपल्या उसाच्या दरातूनच वजा होतो. प्रत्येकाच्या विधानात सत्याचा अंश आहे आणि सर्वांची विधाने एकत्र केली असता मालक नाहीसा होतो.

परंतु एका प्रसंगी तो प्रकट होतो. तोडणीचा दर ठरविण्याची वेळ आली म्हणजे राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि कामगार संघटना समोरासमोर बसतात. २०२४ च्या जानेवारीत शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती याच वाटाघाटीत. मजुरीचा दर जो ठरवितो आणि मुकादमाचे कमिशनही जो मान्य करतो, तो पक्ष मजुरीच्या परिणामांबाबत मात्र त्रयस्थ कसा राहू शकतो, याचे समाधानकारक उत्तर आजवर दिले गेलेले नाही.

भारतीय न्यायविचारात या प्रश्नाचे उत्तर चार दशकांपूर्वीच आलेले आहे, ही गोष्ट दक्षतेच्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतली जाते. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांविषयीच्या १९८२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दोन सिद्धान्त मांडले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावे लागणे म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय, कारण भूक व दारिद्र्य यांची सक्ती हीही सक्तीच. आणि मजूर ठेकेदाराचे आहेत असे सांगून ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याला जबाबदारी टाळता येणार नाही. बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणाच्या निर्णयात न्यायालय आणखी पुढे गेले : सक्तीची मजुरी सिद्ध झाल्यास ती आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. पाथरी ज्या हैदराबाद संस्थानात होती, तेथे कर्जापोटी राबविण्याच्या ‘भागेला’ पद्धतीवर १९४३ सालीच नियमन झाले होते. आणि वेठबिगारी नष्ट करणाऱ्या १९७६ च्या केंद्रीय कायद्यातील व्याख्येत ‘भागेला’ हे नाव नमूद आहे. व्याख्येचे सारही तेच : आगाऊ रकमेच्या मोबदल्यात कामाचे, हिंडण्याफिरण्याचे किंवा किमान मजुरीचे स्वातंत्र्य गमावणे. प्रत्येक उचल वेठबिगारी ठरत नाही; परंतु कोणती ठरते, हे तपासण्याचा मापदंड या देशाच्या कायद्यात पूर्वीपासून आहे.

वैगुण्य आहे ते अन्यत्र. आंतरराज्यीय स्थलांतरित मजुरांविषयीचा १९७९ चा कायदा, नावाप्रमाणेच, राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. पाथरीचे कुटुंब ठेकेदारामार्फत बेळगावकडे गेले तर त्याचा विचार त्या कायद्यात होई. कोल्हापूरला गेले तर होत नसे. २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या श्रमसंहितांमध्ये तो कायदा विलीन झाला, परंतु ‘आंतरराज्यीय’ ही मर्यादा कायम राहिली. अंतर, दारिद्र्य आणि उचल सारखीच असताना केवळ सीमेमुळे संरक्षण बदलावे, याला तर्कसंगत समर्थन देता येणार नाही.

५

आता आंतरराष्ट्रीय कायद्यांकडे वळावयाचे. फ्रान्सचा २०१७ चा कायदा, जर्मनीचा २०२३ पासून अमलात आलेला कायदा आणि युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश या तिन्हींचा कणा एकच आहे : मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठ्याचा मागोवा घ्यावा. जर्मन कायद्यात थेट पुरवठादाराबाबतचे कर्तव्य नियमित आहे. त्यापलीकडच्यांबाबत मात्र पायमल्लीची ठोस माहिती हाती आल्यासच ते जागे होते. म्हणजे न पाहणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्यावर अधिक भार पडतो. या रचनेत अज्ञान फायदेशीर ठरण्याचा धोका आहे.

युरोपीय निर्देश याहून व्यापक होता. एक हजार कामगार व पंचेचाळीस कोटी युरोंची उलाढाल ही त्याची मूळ मर्यादा होती. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या ‘सुलभीकरणा’चा प्रस्ताव आला आणि डिसेंबरात झालेल्या समझोत्यात ही मर्यादा पाच हजार कामगार व दीड अब्ज युरोंपर्यंत नेण्यात आली, हानी झालेल्यास दाद मागता यावी म्हणून योजलेले समान नागरी दायित्व गळाले, पालनाची मुदत २०२९ पर्यंत लांबली. सम्यक् दक्षतेचे भवितव्य काय, या प्रश्नाचे एक उत्तर या घटनाक्रमात मिळते. कागदावर व्याप्ती वाढत जाईल आणि मग राजकीय हवा पालटताच ती आकसेल. ज्यांच्यासाठी कायदा करावयाचा त्यांना या चढउतारांची वार्ताही नसेल. सक्तीच्या मजुरीतून निर्माण झालेल्या वस्तूंना बाजारबंदी करणारा युरोपीय संघाचा २०२४ चा नियम २०२७ च्या डिसेंबरापासून लागू व्हावयाचा आहे. तो कंपनीच्या आकाराकडे न पाहता वस्तूकडे पाहतो, एवढा त्याचा विशेष.

वस्तूकडे पाहणे हेच या सर्व विचारांचे बलस्थान आहे आणि दुर्बलस्थानही तेच आहे. साखळी मोजावयाची ती वस्तूच्या मागे मागे जाऊन : पेयाच्या बाटलीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत, पोत्यापासून कारखान्याच्या दारापर्यंत, फार तर दारापासून फडापर्यंत. परंतु अन्यायाची बीजे फडातील ऊस पक्व होण्यापूर्वी, कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी कित्येक महिने, दोन-तीनशे किलोमीटर दूर पाथरीसारख्या तालुक्यातील एखाद्या घराच्या ओट्यावर पडलेली असतात. त्या वेळी वस्तू अस्तित्वातच नसते; असते ते केवळ देणे. जो मार्ग वस्तूच्या मागे जातो तो देण्यापर्यंत पोहोचत नाही. प्रचलित कायद्यांतील ही मूलगामी उणीव होय. व्याप्ती कमीअधिक केल्याने ती भरून निघण्यासारखी नाही.

पाहणी-अहवालांची भाषा तपासल्यास हीच उणीव व्याकरणात उतरलेली दिसते. अशा अहवालांत बहुधा कर्मणी प्रयोग असतो : ‘धोके ओळखण्यात आले’, ‘प्रशिक्षण देण्यात आले’, ‘सुधारणा सुचविण्यात आल्या’. कर्ता नाही, त्यामुळे दायित्वही नाही. मजुराचे बोलणे आले तर ते बेरजेच्या रूपाने येते. भविष्यकाळ विपुल, भूतकाळ तुरळक. ‘मुकादम’ या शब्दाच्या जागी ‘सेवा-पुरवठादार’ आणि ‘उचल’ या शब्दाच्या जागी ‘आगाऊ वेतन’ असे शब्द येताच संबंधांचे सारे तपशील पुसले जातात. ‘आगाऊ वेतन’ म्हटले की ते मजुराच्या हिताचे वाटू लागते. भाषांतर येथे निरागस राहिलेले नाही.

प्रमाणपत्रांवर भिस्त ठेवण्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०१२ च्या सप्टेंबरात कराचीतील अली एंटरप्रायझेस या वस्त्रकारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच सामाजिक मानकाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. मृतांच्या नातलगांनी जर्मन खरेदीदाराविरुद्ध डॉर्टमुंडच्या न्यायालयात लावलेला दावा २०१९ साली मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसे दगावली, त्यानंतर मात्र खरेदीदार व कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला. या दोन प्रसंगांतील भेद विचारात घेण्यासारखा आहे : कराचीच्या कारखान्याजवळ प्रमाणपत्र होते, ढाक्याच्या करारात कामगार संघटनेची सही होती.

महाराष्ट्राच्या साखरेचा प्रश्न २०२४ च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ व ‘फुलर प्रोजेक्ट’ यांच्या वृत्तान्तामुळे जगापुढे गेला. येथील कारखान्यांची साखर कोका-कोला व पेप्सिको यांच्या पुरवठ्यात जाते आणि तिच्या मागे कर्ज, बालविवाह व गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया आहेत, असे त्यात मांडले होते. मराठी वाचकाला यातील बहुतेक माहिती नवी नव्हती. विधिमंडळाच्या चर्चेत, समितीच्या अहवालात, वृत्तपत्रांत ती येऊन गेली होती आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखलही घेतली होती. तेव्हा माहितीचा अभाव ही सबब उरत नाही. मराठीत प्रसिद्ध असलेली गोष्ट खरेदीदाराच्या दृष्टीने ‘ठोस माहिती’ केव्हा ठरते, हा प्रश्न मात्र उरतो आणि तो अंशतः भाषेचा प्रश्न आहे.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भारतात तयार होणारी बहुतांश साखर भारतातच खपते. निर्यातीवर २०२२ पासून निर्बंध आहेत. सबब परदेशी कायद्यांचा येथे संबंध तो कितीसा? आक्षेप बराचसा रास्त आहे. परदेशी कायद्याकडून उद्धाराची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. परंतु देशी व्यवस्थाही त्याच वाटेने चालली आहे. ‘सेबी’ने २०२१ साली आखलेली व २०२२-२३ पासून आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेली जबाबदार व्यवहाराच्या निवेदनाची पद्धत सहकारी कारखान्यांना लागू होत नाही, कारण ते शेअर बाजारात सूचिबद्ध नाहीत. साखर विकत घेणाऱ्या कंपनीच्या मूल्यसाखळीतून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची जी वाट होती, तीही २०२५ मध्ये ऐच्छिक करण्यात आली. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून जे सहकारी साखर-युग सुरू झाले, त्याने ऊस पिकविणाऱ्याला सभासद केले. ऊस तोडणारा सभासदत्वाच्या बाहेरच राहिला. सहकाराच्या इतिहासातील ही उणीव परदेशी कंपन्यांकडे बोट दाखवून झाकता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दक्षतेचा भार वाढला तर खरेदीदार सुधारणेच्या खटपटीत न पडता खरेदीच बंद करील. कारखाने तोडणीयंत्रे आणतील. आणि पाथरीच्या कुटुंबाची उचल सुटेल तशी मजुरीही सुटेल. हा धोका काल्पनिक नाही. तोडणीयंत्रे राज्यात येऊ लागलीच आहेत. म्हणूनच पुरवठादाराला सोडून देणे हा अखेरचा उपाय असावा, अशी संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांची धारणा आहे. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष दक्षता सैल करण्याचा नाही. दक्षतेचा खर्च कोणी सोसावा, याचा तो प्रश्न आहे. स्वस्त साखर मागावयाची आणि चौकशीचा खर्च खालच्या कडीवर ढकलावयाचा, ही पद्धत चालू राहिल्यास अखेरीस तो खर्च मजुराच्याच बाकीत जमा होईल.

७

तेव्हा सम्यक् दक्षतेचे भवितव्य तिची दिशा व तिचा काळ बदलण्यावर अवलंबून आहे, असे म्हणावे लागेल. पाहणी माघ महिन्यात कोल्हापूरच्या फडावर करण्याऐवजी आषाढ-श्रावणात पाथरीच्या गावांत झाली पाहिजे. उचल दिली-घेतली जाते तेव्हा आणि तेथे. कारखान्याने दिलेल्या रकमेचा मुकादमापर्यंतचा हिशेब कारखान्याच्या दप्तरात असतोच. तो पुढे मजुराच्या हाती असलेल्या वहीपर्यंत यावा आणि त्या वहीत स्त्रीचे नाव, तिची मजुरी आणि तिची सही स्वतंत्र असावी. कोयता ही गणनेची एककसंज्ञा रद्द झाली, तर आरोग्याचा, प्रसूतीचा व रजेचा हक्क कोणाचा हे सांगता येईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने ग्रामसेवकांमार्फत नोंदणी व ओळखपत्रे यांची योजना आखली आहे. गावात सुरू होणारी नोंद हीच योग्य दिशा होय. परंतु ओळखपत्र माणसाची ओळख सांगते, त्याच्या देण्याची सांगत नाही. उचलीची नोंद त्यास जोडली नाही, तर कल्याणकारी योजना आणि कर्जाची व्यवस्था एकमेकींस न भेटता शेजारी शेजारी नांदत राहतील.

संयुक्त राष्ट्रांच्या अठराव्या तत्त्वात, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांच्याशी अर्थपूर्ण विचारविनिमय करावा, असे सांगितले आहे. अर्थपूर्णतेची पहिली अट अर्थ कळणे ही होय. उचल, बाकी, खाडा, कोयता, पट्टा हे शब्द ज्या चौकशीच्या प्रश्नावलीत नाहीत, त्या चौकशीला उत्तरे मिळतील, माहिती मिळणार नाही. विद्यापीठीय अभ्यासाला येथे नेमके कार्य आहे. मराठवाड्यातील तालुक्यातालुक्यांत चालणाऱ्या तोंडी करारांची, मुद्रांकावरील मजकुरांची आणि हिशेबाच्या वह्यांची भाषा अद्याप पद्धतशीरपणे संकलित झालेली नाही. अर्थशास्त्र, विधिशास्त्र आणि मराठी या तीन विभागांनी एकत्र येऊन पाथरी, सोनपेठ व माजलगाव या सलग पट्ट्यात हे संकलन केले, तर उद्या न्यायालयापुढे वा खरेदीदारापुढे ‘ठोस माहिती’ म्हणून ठेवता येईल असा पुरावा मजुराच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध होईल. कायद्यांची व्याप्ती ब्रुसेल्समध्ये वाढो वा घटो, या कामाची निकड त्यावर अवलंबून नाही. उचलीचा पुढचा हंगाम नेहमीप्रमाणे पावसाबरोबर सुरू होईल.